पर्सनल नंबर नसलेली माणसं

भिलाईत नळ गळू लागला की काय करायचं, हे माझ्या आजीला अखेरपर्यंत तोंडपाठ होतं. सेक्टरच्या मेंटेनन्स ऑफिसात जायचं. तिथल्या टेबलावर एक लांबडं रजिस्टर असे. त्यात सडक नंबर, क्वार्टर नंबर, आजोबांचा पोलाद कारखान्यातला पर्सनल नंबर आणि तक्रार एवढं लिहून सही करायची. दिवस मावळायच्या आत सायकलला पान्ह्यांची पिशवी अडकवलेला माणूस दारात. विजेच्या तक्रारीचं रजिस्टर वेगळं, बॅकलेनमधलं गटार तुंबलं तर त्याचं वेगळं. "कोणी पुढारी नाही, मतं मागायला कोणी येत नाही. नंबर सांगितला का काम होऊन जाये," असं ती आपल्या वर्धेकडच्या मराठीत सांगायची. तिच्या सांगण्यात अभिमान होता, आणि तो रास्त होता. माहेरी विहिरीवरून पाणी शेंदणाऱ्या बाईला इथे घरात नळ मिळाला होता, मागे अंगण, पुढे बगिचा, मुलांना शाळा आणि घरच्या सगळ्यांना दवाखाना मिळाला होता.

तिच्याकडे दुसरीही एक गोष्ट होती. ती मात्र तिनं आम्हाला फार उशिरा सांगितली.

आमच्याकडे धुणंभांडी करायला एक छत्तीसगढी बाई येत असे. रुळांच्या पलीकडच्या एका वस्तीत राहायची. नवरा ठेकेदाराकडे मजूर. एका उन्हाळ्यात त्यांच्या वस्तीतली बोरिंग, म्हणजे हातपंप, बंद पडली. बाई चारदा उशिरा आली, मग एक दिवस आजीला म्हणाली, "दाई, तोर रजिस्टर म हमरो बोरिंग ला लिख दे न." आजीनं तिला समजावलं की त्या रजिस्टरात तसं लिहिता येत नाही, तिथे आधी पर्सनल नंबर टाकावा लागतो. बाईनं विचारलं, मग आम्ही कुठे लिहायचं? आजी सांगायची, "मले काही सुचलंच नाही. मी तिले आपल्या नळाचं दोन बादल्या पाणी देल्लं न गप बसली."

भिलाईच्या नगर कारभाराचा इतिहास मला त्या बाईच्या प्रश्नापासूनच सुरू झालेला दिसतो. फरशीवर कोरलेल्या तारखा वेगळ्या आहेत, पण त्याही सांगायला हव्यात.

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी कारखाना छत्तीसगढात यावा म्हणून जिवाचं रान केलं. आजोबा म्हणत, "आपण परक्या मुलखात आलोच नाही. भिलाई मंजूर झाली तेव्हा आपलंच राज्य होतं, आपण आलो तवरक सरहद्द सरकली." 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग-रायपूर भोपाळकडे. आजोबा 1957 च्या पावसाळ्यानंतर हावड्याच्या गाडीनं उतरले, ते आधी कॅम्पात राहिले. कॅम्प हे नाव आजही टिकून आहे, कॅम्प एक, कॅम्प दोन. तेव्हा तो खरोखरचा कॅम्प होता. पत्र्याचे आडोसे, लाल मुरूम, पाऊस पडला की घोट्यापर्यंत चिखल, आणि उन्हाळ्यात डोळ्यांत जाणारी धूळ. धानाची खाचरं आणि भाठा, म्हणजे माळाची जमीन, जाऊन तिथे चर खणले जात होते. ज्या गावांची ती जमीन होती, तिथले लोक कडेला उभे राहून बघत असत, असं आजोबा सांगत. त्यांतले पुष्कळ पुढे त्याच चरांत मजूर म्हणून उतरले.

4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आजोबांना फिटर म्हणून पक्की नोकरी मिळाली, आणि नोकरीबरोबर सेक्टरमधलं क्वार्टर. रेल्वेच्या रुळांच्या दक्षिणेला आखीव सेक्टर उभे राहत होते. सेंट्रल ॲव्हेन्यू, फॉरेस्ट ॲव्हेन्यू, दुतर्फा झाडं. रुळांच्या उत्तरेला जी. ई. रोडच्या कडेनं सुपेला, पॉवर हाऊस, कॅम्प, खुर्सीपार वाढत गेले, तिथे आखणी मागाहून आली किंवा आलीच नाही. रूळ ओलांडले की दुसरं गाव लागायचं. नकाशावर मात्र दोन्हीकडे भिलाई असंच लिहिलेलं असे.

टाऊनशिपचं पाणी तांदुळा आणि गोंदलीसारख्या जलाशयांतून कालव्यानं मरोद्याच्या तलावांत येतं. वीज प्लांटच्याच खात्याकडून, ज्याला सगळे टीईईडी म्हणतात. रस्ते, दिवे, शाळा, सेक्टर नऊचं मोठं रुग्णालय, बागा, सगळं प्लांटचं. ज्या सोव्हिएत इंजिनियरांनी आजोबांच्या पिढीला भट्टीवर उभं राहायला शिकवलं, त्यांच्या देशातही घरं, पाळणाघरं, दवाखाने कारखानाच चालवत असे. आपल्याकडे जमशेदपूर त्याआधीपासून तसंच चालत आलेलं होतं. त्यामुळे ही काही भिलाईची एकट्याची तऱ्हा नव्हे. पण आमच्या घरातली एक संपूर्ण पिढी अशा शहरात वाढली जिथे दिवाबत्ती आणि गटारं यांसाठी कुणाला निवडून द्यावं लागत नाही, हे खरं. बाबा आमदार-खासदारांना मत देत आले. आपल्या सडकेवरच्या दिव्यासाठी मत देण्याची वेळ त्यांच्यावर पन्नाशी जवळ आल्यावर आली.

आजोबांना याची खंत होती. ते वर्ध्याकडचे, सत्यशोधकी घरातले, आणि जोतीराव फुले यांच्याबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी एक वेगळीच गोष्ट असे. शाळा, हौद, सत्यशोधक समाज हे सगळे सांगतात. आजोबा सांगत ते 1876 ते 1883 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या फुल्यांविषयी. नेमलेले सभासद, निवडलेले नव्हेत, तरी गव्हर्नर जनरल पुण्यात येणार म्हणून 1880 साली शहर शृंगारायला हजार रुपये काढायचे ठरले, तेव्हा ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या असं म्हणून त्यांनी एकट्यानं विरोधात मत दिलं. आजोबांना त्यातलं "एकट्यानं" फार आवडे. ते म्हणत, नगरपालिकेच्या सभेत उभं राहून खर्चाच्या एका रकमेवर बोलणं, याच्याइतकं कठीण समाजकारण नाही. भाषणाला मैदान लागतं, इथे हिशेब लागतो.

आणि दुसरं नाव ते घेत रायपूरच्या वामन बळीराम लाखे यांचं. छत्तीसगढात मराठी माणसं नागपूरच्या भोसल्यांच्या सैन्याबरोबर आली, 1854 ला ते राज्य खालसा झालं, तरी कारकून, वकील, मास्तर होऊन राहिली, आणि इथलीच झाली. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, त्यात लाखे त्यांच्या सोबत होते. 1913 मध्ये रायपूरला सहकारी बँक उभी करण्यात लाखे पुढे होते, नगरपालिकेचा कारभारही त्यांनी सांभाळला. सरकारनं दिलेली रायसाहेब ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात, 1920 ला परत केली. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, आणि काम गावाचं. आजोबांना हे चित्र आपल्या मुलानातवंडांसाठी हवं होतं. टाऊनशिपमध्ये मात्र त्याला जागाच नव्हती. गावाचं काम करायला खातं होतं, आणि खात्यात नोकरी करणारे होते.

रुळांच्या पलीकडच्या लोकांना आपलं म्हणणं कुठे लिहायचं, हे दीर्घ काळ ठरलंच नाही. मधल्या काळात साडा होती, विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण. तिच्यावर माणसं नेमली जायची, निवडली जात नसत. साडानं वसाहती पाडल्या, रस्ते केले, हे नाकारता येणार नाही. तरी एखाद्या वस्तीला आपली बोरिंग कुणाच्या कानावर घालायची, याचं नाव-गाव असलेलं उत्तर त्यात नव्हतं. मग उत्तर युनियनमध्ये सापडलं. प्लांटच्या दल्ली-राजहरातल्या खाणींत शंकर गुहा नियोगी यांनी ठेका मजुरांची जी चळवळ उभी केली, तिनं मजुरीइतकंच दारू, शाळा, दवाखाना यांनाही हात घातला. 1983 साली तिथे मजुरांच्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल सुरू झालं. ज्यांना प्लांटच्या दवाखान्यात जागा नव्हती, त्यांनी स्वतःचा दवाखाना बांधला. नियोगी नंतर भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या कामगारांमध्ये काम करू लागले, आणि 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे हडकोतल्या घरात झोपेत त्यांना गोळी घातली गेली. बाबा त्या दिवशी नाइट शिफ्ट करून घरी येत होते. ते सांगतात, आमच्याकडची कामवाली बाई त्या दिवशी आली नाही, पुढेही काही दिवस आली नाही. पुढच्या वर्षी, 1 जुलै 1992 ला, पॉवर हाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, त्यात पंधराहून अधिक माणसं गेली. सेक्टरमध्ये आवाज आले नाहीत. पण त्या संध्याकाळी आजीनं चूल पेटवली नाही.

1993 पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी भिलाईत येऊन-राहून या शहराचा अभ्यास करत होते. 2020 मध्ये त्यांचं मोठं पुस्तक आलं. प्लांटचा पक्का कामगार आणि ठेक्यावरचा मजूर हे एका शहरात राहणारे दोन वेगळे वर्ग आहेत, असं त्यांनी त्यात बारकाईनं मांडलं आहे. मी ते वाचत असताना मला सारखी आजीची दोन बादल्या पाण्याची गोष्ट आठवत होती.

त्याच 1993 साली 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. शहरांना निवडलेलं सरकार असलंच पाहिजे, वॉर्ड असले पाहिजेत, एक तृतीयांश जागा महिलांच्या असल्या पाहिजेत. पण त्यातच एक पळवाट ठेवलेली आहे. कलम 243 क्यू म्हणतं, एखाद्या औद्योगिक आस्थापनेकडून नागरी सेवा मिळत असतील तर राज्यपाल त्या भागाला औद्योगिक नगर ठरवू शकतात आणि तिथे नगरपालिका न बसवली तरी चालते. भिलाईची टाऊनशिपही त्या कलमाच्या आड राहू शकली असती. तसं झालं नाही, हे मी आमच्या शहराचं मोठं भाग्य समजते. 9 जून 1998 ला भिलाई नगर निगम स्थापन झाला, आणि त्यात रुळांच्या दोन्ही बाजू आल्या. सेक्टरही वॉर्ड झाले, खुर्सीपारही वॉर्ड झाला. दोन वर्षांनी छत्तीसगढ राज्य झालं. नागपूरच्या नातेवाइकांना आम्ही सांगायला लागलो की आमच्याकडेही नगरसेवक आहे, फक्त इथे त्याला पार्षद म्हणतात.

बाबांना सुरुवातीला हे सगळं पटलं नव्हतं. ते रेल मिलचे, देशभरच्या रुळांवर त्यांच्या हातचं पोलाद अंथरलेलं, आणि शिस्तीवर त्यांचा विश्वास. "पाणी प्लांटचं, वीज प्लांटची, जमीन प्लांटची. हा पार्षद करणार काय?" प्रश्न योग्यच होता, आणि आजही सेक्टरमधल्या पार्षदाला तो रोज भेटतो. टाऊनशिपमधली जमीन प्लांटची असल्यानं निगमला तिथे साधं शेड उभारायचं तरी प्लांटची ना-हरकत लागते. पलीकडच्या वॉर्डातल्या पार्षदाचं काम कष्टाचं असलं तरी सरळ असतं. नाली मंजूर करून घ्यायची, झोन कार्यालयातल्या उपअभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्यायचं, निविदा निघेपर्यंत पाठ सोडायची नाही, शिवनाथेचं पाणी किती वाजता आणि किती दाबानं येतं ते स्वतः पाहायचं. सेक्टरमधल्या पार्षदाच्या हातात पाइपही नाही आणि पानाही नाही. त्याच्याकडे लेटरपॅड आहे, थोडा पार्षद निधी आहे, सामान्य सभेत उभं राहायचा हक्क आहे, आणि पाय आहेत.

मी ज्या पार्षद दीदींना जवळून पाहिलं, त्यांचं बळ पायांतच होतं. त्या छत्तीसगढी, आई ठेक्यावर रेजा, म्हणजे मजूर बाई, म्हणून काम करायची. दीदी सकाळी साडेसहाला सफाई कामगारांच्या हजेरीच्या वेळी निघत, नऊपर्यंत चार-पाच सडका पायी होत. हातात एक जाड फाईल. पत्राची प्रत, त्यावर आवक शिक्का, शिक्क्यावर तारीख. शिक्का नसलेलं पत्र त्या फाईलला लावत नसत. "बिना सील के चिट्ठी, बिना टिकट के सवारी," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या मागे फिरताना मला कळलं की वॉर्डातली निम्मी कामं मुळात दगड-सिमेंटची नसतातच. राशन कार्डात सुनेचं नाव चढवायचं असतं, विधवा पेन्शन तीन महिने थांबलेली असते, निवासाचा दाखला हवा असतो, मृत्यूच्या नोंदीत वडिलांच्या नावातली वेलांटी चुकलेली असते आणि त्यामुळे सगळं अडतं. एका म्हातारीचं बँक खातं गावाकडचं, आधार भिलाईचं, अंगठ्याचे ठसे कष्टानं झिजून गेलेले. तिच्यासाठी दीदी तीनदा बँकेत बसल्या. कुठल्याही अहवालात याची नोंद होत नाही, निवडणुकीच्या पत्रकात तर नाहीच. मला विचाराल तर पार्षदाचं हेच खरं काम आहे, आणि ते दिसत नाही म्हणून आपण पार्षदांना फक्त भूमिपूजनाच्या फोटोंवरून ओळखतो.

दुसरी निम्मी कामं गटार, दिवा, खड्डा यांची. तिथे दीदींची एक रीत होती. ज्या चेंबरवरून भांडण असेल, त्या चेंबरपाशी दोन्हीकडच्या अभियंत्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी उभं करायचं. कागदावर हद्द सरळ रेषेत असते. सांडपाणी ती पाळत नाही. दोघं समोरासमोर आले, झाकण उघडलं, वस्तीतल्या चार बायका भोवती उभ्या राहिल्या, की बोलणं कागदावरून खाली खड्ड्यात उतरतं आणि तासाभरात ठरतं कोण काय करणार. हे जुळवून आणायला त्यांना कधी आठवडा लागे, कधी महिना. बाबा एकदा असे उभे राहिले. रिटायर झालेला रेल मिलचा माणूस, त्यांनी उताराचं गणित दोन्ही अभियंत्यांना दाखवलं, आणि दोघांनी ते मान्य केलं. त्या दिवशी जेवताना ते आईला म्हणाले, "तिनं मला नंबर विचारला नाही."

2018 च्या पावसाळ्यात डेंग्यू आला. दुर्ग-भिलाईत तेव्हा बरीच माणसं गेली, खुर्सीपार आणि त्या बाजूच्या वस्त्यांना सर्वांत जास्त झळ लागली. भिलाईच्या प्रत्येक घरात कूलर असतो, उन्हाळा सरला तरी त्याच्या टाकीत पाणी तसंच राहतं, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. निगमचे कर्मचारी, मितानिन म्हणवल्या जाणाऱ्या आरोग्यसेविका, अनेक वॉर्डांतले पार्षद घरोघर जाऊन कूलर रिकामे करत होते, टाक्यांत औषध टाकत होते. आमच्या भागात लोक दीदींना दारातून परत पाठवत, "हमारे यहाँ साफ है" म्हणत. त्या हसून म्हणत, साफ आहे म्हणूनच आले. मग स्वतः पदर खोचून कूलरचं बूच काढत. त्या साथीनं मला शिकवलं की डासाला रुळांची हद्द नाही, आणि म्हणून पलीकडची नाली हा इकडच्या सेक्टरचाही प्रश्न आहे. आजीच्या वेळी हे कुणाला सांगावं लागलं नसतं, कारण कुणी विचारलंच नसतं.

आता शहर पुन्हा बदलतं आहे. ऐंशीच्या दशकात खाणी धरून साठ हजारांवर असलेली प्लांटची कायम नोकरदारांची संख्या उतरत आली. या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ क्वार्टर निवृत्तांना लीजवर दिली गेली, आमचंही त्यातलंच. 2019 च्या अखेरीस रिसालीचा वेगळा नगर निगम झाला. 20 डिसेंबर 2021 ला भिलाईच्या 70 वॉर्डांत मतदान झालं, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे महापौर पार्षदांनीच आपल्यातून निवडला. सेक्टरमध्ये आज जी माणसं राहतात त्यांतल्या अनेकांचा प्लांटशी संबंध वडिलांपुरता किंवा आजोबांपुरता उरला आहे. म्हणजे कामवाल्या बाईचा प्रश्न आता सेक्टरच्या आतही आला आहे. पर्सनल नंबर नसलेली माणसं दोन्ही बाजूंना आहेत, आणि दोघांना जोडणारी नोंदवही फक्त मतदार यादी आहे.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं सिविक सेंटरमध्ये. प्लांटनं शहराच्या मध्यावर बांधलेला हा बाजार. शेजारी महात्मा गांधी कला मंदिर, नेहरू आर्ट गॅलरी. बाबांनी कला मंदिरात बंगाली, तेलुगू, मल्याळी, मराठी, सगळ्या भाषांचे कार्यक्रम पाहिले, कारण भिलाईत देशभरची माणसं भट्टीवर एकत्र आली होती. आजोबांच्या काळीही सिविक सेंटर ही टाऊनशिपमधली अशी जागा होती जिथे कॅम्पातला माणूस सणासुदीला मुलाबाळांना घेऊन बिनदिक्कत येई. शेंगदाणे विकणारा, फुगे विकणारा, चपला शिवणारा, सगळे पलीकडून येत. आज त्यांची नातवंडं मोमो, चाट, अंडारोल, मोबाइलची कव्हरं विकतात. जमीन प्लांटची, विक्रीचा परवाना निगमचा, गिऱ्हाईक सगळ्यांचं. ठेला उभा करणाऱ्याला दोन्हीकडे पाहावं लागतं, आणि दोघांपैकी कुणीही त्याला हटवू शकतं अशी धास्ती मनात घेऊन तो तेल तापवतो.

2014 चा पथविक्रेता कायदा यासाठीच आला. नगर विक्रेता समिती असावी, तिच्यात चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेते असावेत, त्यांत एक तृतीयांश बायका. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावं, आणि सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवू नये. 2020 च्या टाळेबंदीनंतर पीएम स्वनिधीचं दहा हजारांचं कर्ज सुरू झालं, तेव्हा ज्यांचं नाव सर्वेक्षणात नव्हतं त्यांना निगमचं शिफारसपत्र लागे. ठेलेवाल्यांना हे दोन कागद काय आहेत हे सांगायला कुणीतरी ठेल्यापर्यंत जावं लागतं. दीदी जात. आता त्या पार्षद नाहीत, त्यांच्या जागी दुसरी, तरुण मुलगी निवडून आली आहे. तिनं दीदींची फाईल मागून घेतली, हे मला फार आवडलं. पक्ष दोघींचे वेगळे.

मला वाटतं, टाऊनशिपच्या पार्षदांना प्लांटबरोबर बसायला एक ठरलेली, कायद्यानं बांधलेली जागा हवी. आज त्यांचं काम ओळखीवर आणि सभ्यपणावर चालतं. अधिकारी चांगला असला तर होतं. घटनेनं तीन लाखांवरच्या शहरांसाठी वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत, भिलाई 2011 च्या जनगणनेतच सहा लाखांवर गेली होती. सेक्टरच्या वॉर्ड समितीत प्लांटच्या नगर सेवा विभागाचा अधिकारी, झोनचा अभियंता, पार्षद आणि विक्रेत्यांचा एक माणूस महिन्यातून एकदा बसला, आणि काय ठरलं ते भिंतीवर लावलं, तर चेंबरपाशी माणसं जमवायला महिना लागणार नाही. हे मी सामान्य सभेसाठीच्या मसुद्यात लिहून दिलं आहे. नवी पार्षद म्हणाली, ठीक आहे ताई, पण सभेत पहिला प्रश्न मला विचारतील की सिविक सेंटरमध्ये ठेले किती, आणि जुना आकडा चालणार नाही.

म्हणून या रविवारी संध्याकाळी आम्ही मोजायला जातो आहोत. ती, मी, आणि चाट विकणारी एक बाई, जिला कोण किती वर्षांपासून कुठे उभं राहतं ते सगळं ठाऊक आहे. वहीत रकाने आखून झाले आहेत: नाव, काय विकतो, किती वर्षं, राहायला कुठे, मतदार यादीत नाव आहे की नाही. चाटवालीनं रकाने पाहिले आणि एक आणखी पाडायला सांगितला, पाणी कुठून आणतो. तो आम्ही पाडला. सगळ्यांत वर तिचंच नाव लिहायचं ठरलं आहे.